एकशे तीस-ऐंशी

सुभेदारसाहेब, तुमचं बीपीचं मशीन परत आलं आहे.

मातीच्या दिवशी मोहोळचे हवालदार भीमराव घेऊन आले. तुमच्या दारापुढे उभं राहायला जागा नव्हती. दुधनीकडचे पाहुणे, गल्लीतले शेजारी, ब्लेझरवर पदकं लावून आलेले तुमचे म्हातारे फौजी. त्या गर्दीतून एका पायावर भार देत भीमराव माझ्यापर्यंत आले, कापडी पिशवीतून खोकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. खोक्यावर काळ्या मार्करनं तुमचं नाव, तुमच्याच अक्षरात, हुद्द्यासकट.

"साहेबांचं हाय, सिस्टर. माज्या पायाचं झालं तवापास्नं माज्याकडंच हाय. दीड वर्स झालं की. लई डाव म्हनलं, साहेब, न्या आता. तर म्हनले, तुला रोज लागतंय, ऱ्हाऊ दे. मला कुटं लागतंय?"

मी खोकं छातीशी धरून उभी राहिले. रडू यायला हवं होतं. आला तो राग. तुम्हाला ऐकू येत असतं तर सगळ्यांदेखत विचारलं असतं. दर गुरुवारी मला सांगत होता, "सकाळीच घरी बघितलंय सिस्टर, एकशे तीस-ऐंशी आहे, लिही." कशानं बघत होता, साहेब? मशीन तर मोहोळला होतं.

आज तेरा दिवस झाले. एवढे दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात नुसती भांडते आहे. पण भांडणात माझीही बाजू पडकी आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही खोटं सांगितलं आणि मी ते लिहिलं. अक्षर माझं आहे.

आपली ओळखच भांडणातून झाली. माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी नुकती नोकरीला लागले होते. तुम्ही आलात, छडी गिळल्यासारखे ताठ, आणि औषध मागायचं सोडून मलाच झापायला लागलात. "इथं खुर्चीत बसून काय पेशंटची वाट बघता? फौजी माणूस मला बरं नाही म्हणून कधी येत नसतो. पलटणीत जो सिक रिपोर्टला जातो त्याला कामचुकार म्हणतात. तीच सवय घेऊन सगळे गावाला गेलेत. त्यांना आणावं लागतं, नाहीतर आपल्याला जावं लागतं." तुमची सगळी नोकरी फौजेच्या वैद्यकीय शाखेत झाली होती, तेव्हा हे तुम्ही ऐकीव सांगत नव्हता. मी म्हटलं, "मग चला ना तुम्हीच." मला वाटलं, एवढं बोलल्यावर जातील. तुम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना भेटून गाडी मंजूर करून घेतली.

तेव्हापासून नऊ वर्षं, दर गुरुवारी, दवाखान्याची पांढरी गाडी. कधी दुधनी, कधी मोहोळ, कधी करकंब. ड्रायव्हरशेजारी तुम्ही, मागे मी आणि डॉक्टर, आमच्या पायाशी औषधांच्या पेट्या. अक्कलकोट नाक्यावर तुम्हाला घ्यायचं. सात म्हणजे तुमच्या घड्याळात पाच कमी सात. आम्ही सातला पोचलो तर तुम्ही मनगट पुढे करून नुसतं घड्याळ दाखवायचात. किती चिडायची मी त्या मनगटावर.

तुम्ही मला चारचौघांत सिस्टर म्हणायचात आणि खुशीत असलात की तंगी. कानडीत धाकटी बहीण. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या बौद्ध घरातली मी, घरात मीच सगळ्यांत थोरली. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी धाकटी केलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही "बास, पेट्या उचल" म्हणाला असता.

तुमची पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. डॉक्टर विचारायचे, "काय त्रास होतो?" आणि लाइनीतला प्रत्येक जण सांगायचा, "काय न्हाय साहेब, एकदम ठीक." मग डॉक्टर काय लिहिणार? तुम्ही तो प्रश्नच बंद करून टाकला. तुम्ही लाइनीपुढे उभं राहून हुकूम द्यायचात, "फूट इन्स्पेक्शन! बूट काढ!" आणि ज्यांना बायकोपोरांनी हात जोडून सांगितलं तरी दवाखान्याची पायरी चढायची नव्हती, ते म्हातारे खाली बसून मुकाट बूट-चपला काढायचे. साखर, जखमा, सूज, सगळं पायांवर लिहिलेलं असतं, हे मला तुम्ही शिकवलंत.

मोहोळच्या शाळेच्या व्हरांड्यात भीमरावांचा मोजा निघेना, आठवतं? करंगळीला चिकटला होता. वास आला आणि नर्स असून मी तोंड फिरवलं. तुम्ही उकिडवे बसलात, तो पाय मांडीवर घेतलात आणि पाणी लावून लावून मोजा सोडवलात.

"कधीपासून?"

"झालं की म्हैना-दीड म्हैना."

"घरात सांगितलंस?"

"उगं कशाला काळजी त्येंला."

मग तुमचा आवाज असा चढला की वर्गातली पोरं खिडकीत आली. "बायकोपासून जखम लपवतोस? फौजी आहेस का चोर?" त्याच गाडीतून त्यांना आणलं. करंगळी गेली, पाय राहिला. त्यानंतर त्यांना रोज बीपी बघायला सांगितलं होतं, तेव्हाच कधीतरी तुम्ही आपलं मशीन त्यांना देऊन टाकलंत आणि मला कळूही दिलं नाहीत. आणि ते वाक्य, साहेब, फौजी आहेस का चोर, ते आता मी कुणाला विचारू?

तुमचा दुसरा नियम लाइनीचा. आधी शिपाई, मग नाईक, मग हवालदार. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, मोठ्यांना आधी घेऊ या. तुम्ही माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलंत. "जवान जेवल्याशिवाय वरचा ताटावर बसत नाही. इथंही तसंच." सगळी लाइन संपेपर्यंत तुम्ही खुर्चीला पाठ लावायचा नाहीत, पाण्याचा घोटही घ्यायचा नाहीत. तुमच्यावरच्या हुद्द्याचा कुणी कॅम्पाला कधी फिरकलाच नाही, त्यामुळे शेवटचा नंबर कायम तुमचा.

पहिली काही वर्षं मी तुमच्या दंडाला पट्टा बांधून नीट मोजायची. आकडा वरच असायचा. गोळी चालू होती, डॉक्टर ओरडायचे, तुम्ही मान डोलवायचात. मग दुधनीचा तो कॅम्प आला. गर्दी उसळली होती, निघायला उशीर झाला, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि मी मशीन पेटीत भरून कुलूप लावलं होतं. रजिस्टरात फक्त तुमची ओळ रिकामी होती. मी कुलपाकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. "राहू दे, सकाळीच घरी बघितलंय. एकशे तीस-ऐंशी. लिही."

मी लिहिलं. त्या दिवशी कदाचित खरंही असेल, मशीन तेव्हा घरी असेल. पण पुढच्या गुरुवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही, आणि मग मी दंड पुढे करा म्हणायचंही सोडलं. पेटी भरता भरताच तुम्ही सांगाल तो आकडा तुमच्या नावापुढे टाकून द्यायची. मला सोयीचं होतं, साहेब. सहाच्या आत घर गाठायचं असायचं, आणि तुम्ही स्वतः वैद्यकीय शाखेतले, तुम्हाला काय शिकवायचं, अशी मी माझी समजूत घातली होती.

खरी जखम पुढे आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं आणि खुश झाले. "सुभेदारसाहेब, कमाल आहे. इतकं छान राहतंय तर गोळी अर्धी करू." तुम्ही हसलात. माझ्याकडे बघितलंत. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. "डॉक्टर, हे आकडे मी मोजलेले नाहीत," एवढं एकच वाक्य. मी कापसाचा बोळा उगाच दोनदा गुंडाळला.

तुम्ही का केलंत ते मला कळतं. आकडा आणखी वर गेला असता तर डॉक्टरांनी तुम्हाला गाडीत बसू दिलं नसतं. घरी बसायची तुम्हाला धास्ती होती. मला कळतं, आणि मला ते पटत नाही, आणि तुम्ही समोर असता तर मी आज तुमची कॉलर धरली असती.

करकंबला समाजमंदिराच्या तीन पायऱ्या चढताना तुम्ही खांब धरलात. मी मागेच होते. "काय झालं?" तर म्हणे, "लेस सुटली." लेस बांधलेली होती, साहेब. मी बघितली. परतीच्या वाटेवर मी गाडीत म्हटलं, "आज तुमचे बूट काढा. बघू द्या मला पाय."

"सिस्टर, मी स्टाफ आहे, पेशंट नाही."

"मग पुढच्या गुरुवारपासून दुसरा स्टाफ शोधू आम्ही."

मला तसं बोलायचं नव्हतं. तुमची मान पुढे वळली ती सोलापूर येईपर्यंत वळलेलीच राहिली. पुढच्या गुरुवारी माझ्या सीटवर शेंगाच्या चटणीची बरणी होती, तुमच्या बायकोच्या, पार्वतीअक्कांच्या हातची. माफी मागायची तुमची ती तऱ्हा. मी बरणी पर्समध्ये घातली, दोघंही हसलो आणि विषय मिटला. ती बरणी तेव्हाच तुमच्या हातात परत द्यायला हवी होती आणि म्हणायला हवं होतं, आधी दंड पुढे करा. आता ती अर्धी झालेली माझ्या स्वयंपाकघरात आहे. संपवायचा धीर होत नाही, आणि टाकवतही नाही.

त्या शेवटच्या गुरुवारी आम्ही नाक्यावर सातला पोचलो. तुम्ही नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, "आज साहेब लेट? आज आपण घड्याळ दाखवायचं," आणि मी खदखदून हसले. तुम्ही गेलात तेव्हा मी हसत होते, हे माझ्या डोक्यातून जात नाही. दहा मिनिटांनी फोन लावला तो पार्वतीअक्कांनी उचलला. "तंगी, बूट घालता घालता पडले गं. एक घातलाय, एक हितं तसाच हाय." आम्ही हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, म्हणाले. मी नर्स आहे. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्याकडे दहन करतात, त्यामुळे तुमच्या घरची, बसवून माती द्यायची रीत मी पहिल्यांदाच बघितली. तुम्हाला मांडी घालून बसवलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार. नऊ वर्षांत लाइन संपायच्या आधी तुम्हाला कधी बसलेलं बघितलं नव्हतं, आणि सगळे उभे असताना तुम्ही बसला होता. मी नमस्काराला वाकले आणि समोर तुमचे पाय आले. उघडे. घोट्यापाशी सुजलेले, नडगीवर मोज्याच्या रबराची खोल खूण. इतक्या वर्षांत तुम्ही शेकडो लोकांना बूट काढायला लावलेत आणि तुमचे पाय मी बघितले ते असे. सूज एका दिवसाची नव्हती. कुणीही सांगितलं असतं. बूट काढले असते तर.

मी उठले तशी अक्कांनी माझा हात धरला. त्या रडत नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. "तंगी, तू तर दर आटवड्याला बगत हुतीस की. मग असं कसं झालं गं?"

आणि मी म्हटलं, "नॉर्मल असायचं अक्का. होतं असं कधीकधी."

तुमच्यापुढे उभी राहून, साहेब. पुन्हा एकदा तोच आकडा.

तेरा दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. मागच्या गुरुवारी गाडी गेली नाही. कुणाला जावंसं वाटलं नाही. मी दवाखान्यात बसून रजिस्टर काढलं. भीमरावांचे आकडे वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात, जिवंत माणसाचे असतात तसे. तुमचा आकडा पानामागून पान सावधानमध्ये उभा. एवढं बघून कुणाही शहाण्याला शंका आली असती. मी दर गुरुवारी तीच पानं उलटत होते.

आज दुपारी मी अक्कांकडे गेले. एका हातात रजिस्टर, एका हातात तुमचं मशीन. "बा तंगी, बा," म्हणून त्यांनी आत घेतलं. दाराशी तुमचे बूट होते, दोन्ही, पॉलिश केलेले. कुणी केलं ते मी विचारलं नाही.

मी पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं. मशीन मोहोळला होतं. आकडे मी मोजले नव्हते. ते सांगायचे आणि मी लिहायची. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली ती माझ्या अक्षराकडे बघून. "अक्का, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

अक्का म्हणाल्या, "मला बी त्योच आकडा सांगायचे. मी म्हनायची, तोंड सुजल्यावानी दिसतंय, मीट कमी करते. तर म्हनायचे, सिस्टरच्या रजिस्टरात बग जा, एकशे तीस-ऐंशी हाय. मग मी वाडायची की. लोनचं, चटनी, मागतील ते. तुज्या रजिस्टरात हाय म्हनल्यावर आनी काय बगायचं मी?"

हे मला माहीत नव्हतं. माझा आकडा घेऊन तुम्ही घरीही फसवत होता. तुम्ही मला घरचं मशीन दाखवलंत आणि अक्कांना माझं रजिस्टर. आम्हा दोघींना एकमेकींच्या आड ठेवलंत, आणि आम्ही दोघी तुमच्या वाट्याचं मीठ आता कायमचं चघळत बसणार.

मी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं. त्यांनीही उगाच, जाऊ दे गं, म्हटलं नाही. मग त्यांनी पदर सावरला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि हात माझ्यापुढे केला.

"माजं बग."

साहेब, अक्का दुधनीच्या प्रत्येक कॅम्पाला यायच्या. सगळ्यांना चहा द्यायच्या, म्हाताऱ्यांना हात धरून बसवायच्या. तुमच्या दवाखान्याच्या कार्डावर त्यांचं नाव आहे, त्यांचा तेवढाच हक्क आहे. पण लाइनीत शेवटचे तुम्ही, आणि अक्का तुमच्याही मागे. नऊ वर्षांत त्यांच्या दंडाला पट्टा लागला नाही. तुमच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही.

मी तुमचं मशीन काढलं. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. दोनदा मोजलं, मध्ये पाच मिनिटं थांबून, तुम्ही शिकवलं होतं तसं. एकशे अठ्ठ्याहत्तर-एकशे चार.

"किती हाय?"

खरं सांगते, जिभेवर आलं होतं, ठीक आहे अक्का. इतकी सवय लागली होती. मी गिळलं आणि आहे ते सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. रजिस्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लिव. हाय त्ये लिव."

तुमच्या नावाखालच्या ओळीत मी अक्कांचं नाव लिहिलं आणि त्यापुढे मशीनवर दिसला तो आकडा. मग तिथंच बसून मी रडले. तेरा दिवसांचं तुंबलेलं. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तुम्ही गेल्यावर मला जवळ घेणारं माणूस तेच, ज्याचा मी सगळ्यांत मोठा गुन्हा केला.

उद्या गुरुवार. गाडी दुधनीला जाते आहे. अक्का नाक्यावर येऊन उभ्या राहणार आहेत, पाच कमी सातला, त्यांनीच सांगितलं. तिथं पोचल्यावर मी "बूट काढ" म्हणून बघणार आहे; माझं कोण ऐकतं ते दिसेलच. आणि लाइनीत पहिला नंबर अक्कांचा. सगळ्यांच्या आधी, शिपायाच्याही आधी. तुमचा नियम मी मोडणार आहे, साहेब. तुम्ही रागवाल. रागवा. वाटल्यास मनगट पुढे करून घड्याळ दाखवा. पण एकदा या आणि दंड पुढे करा. मी पेटीला कुलूप लावलेलं नाही.